मणक्याच्या संधिवाताची सकाळची बॅच, आठ महिन्यांनंतर

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या फिजिओ सेंटरमध्ये मी मागच्या जुलैपासून सकाळी सव्वासातच्या बॅचला येतेय, आठवड्यातून तीन दिवस, आता आठ महिने पूर्ण झाले म्हणून सविस्तर लिहायला बसलेय, कारण मी शोधत होते तेव्हा कुणी नीट काही लिहिलेलं सापडलंच नव्हतं, सगळीकडे नुसतं स्टाफ चांगला आहे, जागा स्वच्छ आहे एवढंच. आधी एक सांगते, ही बॅच साध्या कंबरदुखीची नाहीये. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याला आतून सूज येणारा संधिवात ज्यांना आहे त्यांच्यासाठीच आहे. लोक नाव ऐकतात आणि म्हणतात अगं माझ्या पण मानेत स्पॉन्डिलायटिस आहे, तो वेगळा, तो वयाने मानेचे मणके झिजतात तो. आमचा बहुतेकदा तरुणपणीच सुरू होतो, माकडहाडाच्या जरा वर दोन्ही बाजूंना जे सांधे असतात तिथून, आणि लक्ष दिलं नाही तर वर सरकत सरकत काहीजणांचे मणके एकमेकांना चिकटून जातात.

माझं दुखणं सुरू झालं मुलगी झाल्यावर, तेव्हा मी २९ची होते. सिझर झालं होतं त्यामुळे घरीदारी सगळ्यांचं एकच, पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं ना म्हणून कंबर गेली, आता हे असंच राहणार. पहाटे तीन-साडेतीनला खाली बुडाच्या हाडात खोलवर ठणका लागून जाग यायची, कधी उजवीकडे कधी डावीकडे, कूस बदलायची तर पलंगाची कड धरून आधी गुडघे वळवायचे मग खांदे, आणि कशीबशी उठून ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटायला लागले की तासाभराने मोकळं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, काम केलं की बरं वाटतं तर मग हे दुखणं तरी कसलं. त्यांना काय बोल लावणार, मलाही तेच वाटायचं. आता कळतं की हीच तर या आजाराची मोठी खूण आहे, लचकलेली कंबर पडून राहिलं की बरी वाटते, ही पडून राहिल्याने आखडते आणि हालचाल केली की सुटते. पण मला एका ठिकाणी तीन आठवडे सक्त आराम आणि कमरेला पट्टा सांगितला होता आणि एकविसाव्या दिवशी मला स्वतःच्या पायात मोजे घालता येत नव्हते.

सहा वर्षं अशी गेली. एक्सरे काढला की नॉर्मल. मग ३५व्या वर्षी डावा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून आत सूज आहे म्हणून थेंब दिले आणि चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो तुमची? किती वेळ? मी म्हटलं तासभर तरी. त्यांनी त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्यातली अशी सूज आणि हा मणका यांचा जवळचा संबंध आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नंतर एमआरआय, त्यात त्या खालच्या सांध्यांत सूज दिसली, रक्तात एचएलए बी-२७ पॉझिटिव्ह. (हे पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, तो जीन असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही, माझ्या भावाचाही पॉझिटिव्ह आहे आणि तो ठणठणीत आहे.) निदान झालं त्या दिवशी मी डॉक्टरांसमोर रडले, आणि ते रडू वाईट वाटल्याचं नव्हतं, कुणीतरी सहा वर्षांनी खरं मानलं त्याचं होतं.

डॉक्टरांनी सुजेवरच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं व्यायाम हा गोळीइतकाच महत्त्वाचा, तो रोज, जन्मभर. एवढंच. कोणता, किती, कसा, हे कुणी सांगेना. मी घराजवळच्या एका जिममध्ये गेले, तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी पाय धरून सिटअप्स आणि वजन घेऊन कमरेतून वाकायला लावलं, चार दिवस हलता आलं नाही. मग एका योगाच्या क्लासला गेले, तिथे पश्चिमोत्तानासनात पाठीवर हात ठेवून दाबलं, अजून थोडं, होतंय होतंय म्हणत. चूक त्यांच्या मनात नव्हती, पण हा आजार पाठीला पुढे वाकवायच्या मागेच लागलेला असतो, आपण उलट ती ताठ ठेवायला, मागे न्यायला, छाती उघडायला मेहनत करायची असते. हे मला इथे येऊन समजलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून पण करून पाहिलं, आठ दिवस होतं, नवव्या दिवशी सकाळी अंग आखडलेलं असतं आणि सांगायला कुणी नसतं की आज काय करू.

आता इथलं. पहिल्या दिवशी मॅडमनी व्यायाम घेतलाच नाही, तासभर नुसतं मोजलं. शिंप्याकडे असते तशी साधी पिवळी टेप. पाठीवर कमरेच्या दोन खळग्यांच्या रेषेत पेनाने एक खूण केली, तिथून वर १० सेंटीमीटरवर दुसरी, मग गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावलं आणि त्याच दोन खुणांमधलं अंतर परत मोजलं. चांगल्या कमरेत ते १० चं १५च्या आसपास जातं, माझं १२.४ आलं. मग छातीभोवती टेप, सगळा श्वास सोडा, आता भरा, भरा, अजून, फरक २.१. अडीचपेक्षा कमी म्हणजे फासळ्यांच्या सांध्यांनाही आजाराने धरलंय असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि मी इतकी वर्षं जिना चढताना श्वास अपुरा पडतो म्हणून स्वतःला वजन वाढलंय वजन वाढलंय म्हणत होते ते कुठून होतं हे कळलं. मग भिंतीला टाचा, बूड, खांदे टेकवून उभं करून कानापुढचा जो छोटासा कुरकुरीत उंचवटा असतो तिथून भिंतीपर्यंतचं अंतर. मान किती वळते. पाय किती फाकतात. सगळं एका जाड पिवळ्या कार्डावर तारखेसकट. कार्डाच्या मागे सहा प्रश्न, थकवा किती, मान-पाठ-खुबा किती दुखतं, बाकीचे सांधे, कुठे दाबलं तर दुखतं, सकाळचं आखडणं किती आणि किती वेळ, प्रत्येकाला शून्य ते दहा. हे प्रश्न इंग्लंडमधल्या बाथ गावच्या संधिवात हॉस्पिटलच्या लोकांनी १९९४मध्ये तयार केलेत आणि जगभर वापरतात, सगळ्यांचं मिळून सरासरी उत्तर ४ किंवा त्यावर आलं की आजार जोरात आहे असं धरतात. माझं ५.८ आलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या बॅचला हे सगळं परत मोजतात, आणि मी जर पाच स्टार देतेय तर त्यातले तीन या कार्डाचे आहेत, कारण या आजारात सुधारणा इतकी हळू होते की अंगाला कळतच नाही, आणि बिघाडही तसाच हळू होतो.

बॅच सव्वासातची का तर आमच्यापैकी कुणाचंच अंग त्याआधी सुटलेलं नसतं. उठल्यावर गरम पाण्याने आंघोळ करूनच या असं सांगितलेलं आहे आणि त्याने खरंच फरक पडतो, पहिली दहा मिनिटं वाया जात नाहीत. सुरुवात उताणं झोपून गुडघे डावी-उजवीकडे सोडण्यापासून, मग मांजरासारखं ओणवं होऊन पाठ वर-खाली, मग कंबर उचलून सेतू, मग खुब्याच्या पुढच्या स्नायूंचं ताणणं, ते मला सगळ्यात जड जातं कारण दिवसभर बँकेत खुर्चीवर बसून तेच आखडतात. नंतर पालथं झोपायचं. नुसतं पालथं, कपाळाखाली हात, पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात मला तीन मिनिटंसुद्धा जमलं नव्हतं, पोटाखाली उशी घ्यावी लागली होती. आता घरी मुलीचा अभ्यास घेताना मी पालथीच पडलेली असते, ती वही माझ्यासमोर सरकवते. भिंतीचा व्यायाम शेवटी, टाचा टेकवून डोकं मागे न्यायचं, हनुवटी आत, वर नाही, हनुवटी वर गेली की मॅडम दोन बोटांनी हलकेच खाली करतात आणि म्हणतात भिंतीला डोकं द्या, छताला नको.

पण हे झालं अर्ध्या तासाचं. राहिलेला अर्धा तास दम लागेल असा, आणि त्याची मला सुरुवातीला भीती वाटली होती, कारण आजवर सगळ्यांनी जपून जपून हेच शिकवलेलं. स्टेपवर चढउतार, सायकल, चार-चार मिनिटं जोरात, मधे हळू, आणि रबरी पट्टे, छोटे डंबेल्स. मॅडमनी एके दिवशी समोर बसवून सांगितलं की नॉर्वेतल्या संशोधकांनी १०० पेशंट घेऊन तीन महिन्यांचा अभ्यास केला होता, निम्म्यांना असा जोराचा व्यायाम आणि वजनं, निम्मे नेहमीसारखे, आणि जोर करणाऱ्यांचा आजार भडकला तर नाहीच, त्यांचं दुखणं, थकवा, आखडणं कमी झालं. शिवाय या आजारात हृदयविकाराचा धोकाही जरा जास्त असतो, तेव्हा नुसतं ताणून भागत नाही, छाती धडधडायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आम्हालाही लागू आहेत, आम्हाला त्यातून सूट नाही. मी सोमवार-बुधवार-शुक्रवार इथे आणि मधल्या दिवशी गोदापार्कला अर्धा तास झपझप चालते.

आता ज्यासाठी मी हे सेंटर कुणालाही सांगेन ते. सप्टेंबरच्या शेवटी माझा आजार उसळला, रात्रभर झोप नाही, सकाळी ब्रश करताना बेसिनवर वाकता येईना. मी मेसेज टाकला आज येत नाही. उत्तर आलं, या, पण वेगळं करू. रिक्षाने गेले. त्यांनी स्टेप नाही, वजन नाही, नुसतं गरम शेक, लांब श्वास, झोपून हातपाय हलवणं, भिंतीपाशी दोन मिनिटं, एकूण पंचवीस मिनिटं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. पाचव्या दिवशी सायकल. आधीच्या सहा वर्षांत असं उसळलं की मी आठ-दहा दिवस अंथरुणात, आणि उठले की आधीपेक्षा एक पायरी खाली. या वेळी मी पायरी उतरले नाही, ऑक्टोबरचं कार्ड माझ्याकडे आहे, आकडे ऑगस्टएवढेच. त्याच आठवड्यात त्यांनी मला डॉक्टरांकडेही परत पाठवलं, औषध बघून घ्या म्हणून. सांध्याला सूज, ताप, डोळा लाल, पायात बधिरपणा असं काही असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर, हे भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लावलेलं आहे.

बॅचमध्ये आम्ही नऊजण. त्यातले एक काका आहेत, साठीच्या जवळचे, एमआयडीसीत कंपनीत होते, त्यांना आजार कळला तेव्हा मानेचे मणके जवळजवळ चिकटले होते, मागून कुणी हाक मारली तर ते अख्खे वळतात. त्यांच्या कानापासून भिंतीचं अंतर २४ सेंटीमीटर होतं, आज २३ आहे, ते निरोगी माणसासारखं १५च्या आत येणार नाही हे त्यांनाही माहितीये आणि मॅडमनी कधी खोटी आशा दाखवली नाही. पण त्यांच्या खुब्यांत आणि खांद्यांत खूप फरक पडलाय, बुटाची लेस स्वतः बांधतात. त्यांना लोळण, उडी, मानेला झटका यातलं काही देत नाहीत, कारण चिकटलेला कणा काठीसारखा असतो आणि आतून ठिसूळही झालेला असू शकतो, साध्या पडण्यानेसुद्धा मोडू शकतो. त्यांना नात्यातले कुणी मणका कडकन वाजवून मोकळा करून देणाऱ्याकडे घेऊन जाणार होते, त्यांनी इथे विचारलं आणि मॅडमनी हातातलं काम सोडून त्यांच्या मुलाला फोन लावला, तुम्ही बाबांना तिकडे नेऊ नका, चिकटलेल्या मणक्यावर असे झटके देऊ नयेत असं २०१९च्या अमेरिकन मार्गदर्शनात ठळक सांगितलेलं आहे. मी तिथेच चटईवर होते. एवढ्या कळकळीने बोलताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं. कृपा करून, हा आजार असेल तर कुणालाही मानेला झटका देऊ देऊ नका, दोन मिनिटं बरं वाटण्यासाठी ही जोखीम नको.

दुसरा एक मुलगा आहे इंजिनिअरिंगचा, २२ वर्षांचा, कॉलेजच्या टीममध्ये ओपनिंगला खेळायचा, आजार कळल्यावर किटबॅग माळ्यावर टाकली होती. काकांनी त्याला सांगितलं, इंग्लंडचा कॅप्टन माइक आथरटन, त्यालाही हाच आजार, आणि १९९५ला जोहान्सबर्गला पावणेअकरा तासांच्या आसपास उभा राहून नाबाद १८५ करून त्याने टेस्ट वाचवली. मुलगा काही बोलला नाही. डिसेंबरमध्ये तो बॅट घेऊन आला आणि मॅडमनी स्टान्स घेताना कंबर कशी ठेवायची ते त्याला आरशासमोर उभं करून दाखवलं. त्याला दर पंधरा दिवसांनी बायोलॉजिकल, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज आणणारा भाग दाबणारं, इंजेक्शन चालू आहे, त्याआधी टीबीची तपासणी करून घेतली होती. आणि सिगारेट त्याने सोडली, ती इथे पहिल्याच फॉर्मवर विचारतात आणि सोडा म्हणून मागेच लागतात, कारण या आजारात धूर मणक्यालाही लागतो.

माझे आकडे लिहिते म्हणजे कुणाला अंदाज येईल. छाती २.१ची ३.४, कमरेचं १२.४चं १३.३, प्रश्नांचा स्कोअर ५.८चा २.९. सकाळचं आखडणं तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर. यात गोळ्यांचा वाटा किती आणि व्यायामाचा किती ते मी वेगळं काढू शकत नाही, गोळ्या चालूच आहेत, फक्त रोजच्याऐवजी आता डॉक्टरांनी लागेल तशा सांगितल्यात. आपल्या मनाने औषध बंद करून नुसत्या व्यायामावर कुणी येऊ नका, इथेही ते तसं सांगत नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकतात. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, ज्यांचा खुबा गेलाय त्यांना उतरताना फार त्रास होतो, काका उलटे उतरतात ते बघवत नाही. दुसरा कठडा बसवायला फार खर्च येणार नाही, मी दोनदा सांगितलंय. फरशी जानेवारीत बर्फासारखी होते, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, आणि इथल्या चटया पातळ आहेत, त्यातल्या दोन-तीन घसरतात. संध्याकाळची बॅच नाही, म्हणजे नोकरी लांब असणाऱ्यांना जमणं कठीण, माझी एक मैत्रीण सिन्नरला जाते, तिला हाच आजार आहे आणि ती केवळ वेळेमुळे येऊ शकत नाही. फी महिन्याला २,४०० आहे पण तीन महिन्यांची एकदम भरावी लागते, सुट्टी पडली तर पुढे धरत नाहीत, हे मला बरोबर वाटत नाही, ज्यांचा आजारच असा मधेच उसळणारा आहे त्यांच्यासाठी तर नाहीच. पाण्यातले व्यायाम इथे होत नाहीत, पोहणं या आजाराला फार चांगलं, त्यासाठी महापालिकेच्या तलावावर स्वतः जावं लागतं, मॅडम फक्त काय करायचं ते लिहून देतात.

यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, एमआरआयचा रिपोर्ट आणि मागचे एक्सरे घेऊन या, त्याशिवाय बॅचला घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. मोजायच्या दिवशी पाठ उघडता येईल असा सैल कुडता घाला, बायकांसाठी पडदा आहे आणि मोजायला मॅडम स्वतःच असतात. स्वतःची जाड सतरंजी आणा, चटईच्या खाली घालायला. जाडजूड उशीवर झोपत असाल तर पहिल्याच दिवशी ती बदलायला लावतील, मला घडी घातलेल्या टॉवेलवर यायला तीन आठवडे लागले. जिना चढताना कठडा उजव्या हाताला आहे. काका सातलाच येऊन खालच्या डेअरीपाशी थांबलेले असतात, नवीन कुणी आलं की तेच वर घेऊन येतात.